सल्ला सदर : डी अँझातून मेडिकलला जाता येतं का?

आधी बाकीच्या वाचकांसाठी पत्र थोडक्यात सांगते. लिहिणारी मुलगी मूळची डोंबिवलीची, वय वीस. २०२३ ला बारावी सायन्स झाली, ८८ टक्के, आणि आत्याने बाबांच्या नावाने फार वर्षांपूर्वी टाकलेली ग्रीन कार्डची फाइल त्याच उन्हाळ्यात एकदाची क्लिअर झाली म्हणून सगळं घर कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आलं. इथे राज्याच्या रहिवाशांची कमी फी लागायला वर्षाहून एक दिवस जास्त राज्यात राहिल्याचं दाखवावं लागतं, म्हणून ती एक वर्ष थांबली, त्या वर्षात एका इंडियन ग्रोसरीच्या दुकानात काउंटरला लागली, आणि २०२४ च्या फॉलपासून क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथून पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जातात) शिकतेय. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ४ पैकी ३.७, जनरल केमिस्ट्रीच्या दुसऱ्या क्वार्टरला (दहा-एक आठवड्यांचं सत्र) एक सी ग्रेड. प्लॅन असा की २०२६ ला यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ट्रान्सफर घ्यायची, तिथल्या पहिल्याच वर्षात एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायची आणि २०२७ च्या जूनमध्ये मेडिकल स्कूलचे अर्ज टाकायचे. प्रश्न बरेच आहेत : कम्युनिटी कॉलेज बघून अर्ज बाजूला टाकतात का, सी रिपीट करू का, बारावीचे मार्क कुठे दाखवता येतात का, ऑरगॅनिक केमिस्ट्री इथेच करू की तिकडे जाऊन, यूसी डेव्हिसचा टॅग (प्रवेशाची हमी) घेऊ की यूसीएलएची वाट बघू, आणि पुण्याचा मामा म्हणतो एनआरआय कोट्यातून एमबीबीएस करून टाक, त्याला काय सांगू. शिवाय एक वाक्य असं : "मंडळाच्या गणपतीत कोणी कॉलेज विचारलं की मी क्युपर्टिनोला एवढंच सांगते."

अगं, ते क्युपर्टिनोचं उत्तर भारी आहे, विचारणाऱ्या काकूंना वाटलं असेल पोरगी ॲपलमध्ये चिकटली. पण गणपतीत चालून जातं ते अर्जात चालत नाही. मेडिकल स्कूलचा मुख्य अर्ज ॲमकॅसवरून जातो आणि तिथे बारावीनंतर ज्या ज्या कॉलेजात पाय ठेवलास तिथली प्रत्येक ट्रान्सक्रिप्ट मागतात, एखाद्या समरला एकच युनिटचा योगाचा क्लास केला असेल तरी. म्हणजे डी अँझाचं नाव तिथे ठळक दिसणारच, आणि दिसू दे की. २०१२ साली अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलांत जे दाखल झाले त्यांच्यातल्या साधारण २८ टक्के मुलांनी कधी ना कधी कम्युनिटी कॉलेजात काहीतरी केलेलं होतं. आता हा आकडा ऐकून लगेच हुरळून जाऊ नकोस, कारण त्यात हायस्कूलला असताना एखादा कोर्स केलेले आणि स्टॅनफर्डला असून उन्हाळ्यात स्वस्तात फिजिक्स उरकलेले असेही सगळे येतात, तुझ्यासारखी दोन वर्षं पूर्ण तिथेच काढलेली त्यातली थोडीच. पण एवढं नक्की की ते नाव वाचून कोणी दचकत नाही.

मग बघतात काय? मी एका कम्युनिटी कॉलेजच्या काउन्सेलिंग ऑफिसात काम करते, अशी मुलं रोज समोर बसतात, आणि जी आत गेली आणि जी राहिली त्यांच्यात मला एकच फरक पुन्हा पुन्हा दिसतो. अर्ज वाचणाऱ्याच्या डोक्यात साधा प्रश्न असतो : इथे चाळीस मुलांच्या वर्गात हिला ए मिळाले, ठीक, पण तिकडे तीनशे मुलांच्या हॉलमध्ये, जिथे अर्ध्या वर्गाला डॉक्टरच व्हायचंय, तिथे गेल्यावर काय झालं? हा प्रश्न रास्त आहे की नाही हा वाद वेगळा, डी अँझाची केमिस्ट्री काही खायचं काम नाही हे तुझा सीच सांगतोय, पण प्रश्न असतो हे खरं. आणि त्याला उत्तर एकच, ट्रान्सफरनंतरचे ग्रेड. आता तुझा प्लॅन बघ. २०२७ च्या जूनमध्ये अर्ज टाकलास तर तुझ्याकडे यूसीचे दाखवायला किती ग्रेड असतील? फॉल, विंटर, स्प्रिंग. तीन क्वार्टर, संपलं. तेही कसे, तर पहिल्या क्वार्टरला जवळपास सगळेच ट्रान्सफरवाले गडबडतात, दहा आठवड्यांत सगळं आटपतं, चौथ्या आठवड्यात मिडटर्म येऊन आदळते, राहायची जागा नवी, रूममेट नवे, त्याला आमच्याकडे ट्रान्सफर शॉकच म्हणतात. त्यातून सावरतेस न सावरतेस तोवर एमकॅटचा अभ्यास, ती साडेसात तासांची परीक्षा, आणि ती देताना बायोकेमिस्ट्री अजून चालूच असणार. मे महिन्यात शिफारसपत्रं मागायला जाशील त्या प्रोफेसरांनी तुला जेमतेम दहा आठवडे बघितलेलं असेल, तेही लांबून.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, बाकी सगळं विसरलीस तरी एवढं धर : एक वर्ष थांब. अर्ज २०२८ च्या जूनमध्ये, डिग्री हातात आल्यावर. मधलं वर्ष काम कर, पैसे साठव, २०२९ च्या फॉलला सुरू कर. मला माहितीये तू लगेच बोटं मोजशील, तोवर मी चोवीस वर्षांची होईन. हो, होशील. इथे मेडिकलच्या पहिल्या वर्षाला बसणाऱ्यांचं सरासरी वय साधारण चोवीसच आहे आणि अर्ध्याहून जास्त मुलं कॉलेजनंतर किमान एक वर्ष मध्ये घालवूनच येतात. डोंबिवलीतल्या तुझ्या मैत्रिणी चोवीसाव्या वर्षी इंटर्नशिप संपवून पीजीच्या नीटला बसलेल्या असतील, ते फोटो बघून पोटात गोळा येणार हे मी आत्ताच सांगून ठेवते, पण तिकडचं घड्याळ वेगळं आणि इकडचं वेगळं. आणि घाईने टाकलेला अर्ज पडला की पुन्हा टाकावा लागतो, पुन्हा तेवढेच पैसे, आणि त्याच स्कूलला दुसऱ्यांदा गेलीस की ते बघतात की गेल्या वेळेपेक्षा काय नवीन केलंस. म्हणजे वर्ष जातंच, वर खिसा पण रिकामा होतो.

आता सी. याच्यावर तू पत्रात दीड पान लिहिलंयस म्हणून मी पण जरा सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट, रिपीट करायचा प्रश्नच येत नाही, कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत सी किंवा त्याच्या वरचा ग्रेड असेल तर ग्रेड सुधारायला म्हणून तो कोर्स परत घेऊ देत नाहीत, आणि यूसीत जाऊन परत घ्यायचं म्हणशील तर तिथेही डी किंवा एफलाच परवानगी. कोणी तुला सांगितलं असेल की दुसऱ्या कॉलेजात गुपचूप परत कर, तर करू नकोस, कारण ॲमकॅस दोन्ही ग्रेड मोजतं, जुना पुसला जात नाही. डीओ (डॉक्टरकीची दुसरी, समांतर पदवी) वाल्यांकडे पूर्वी नवा ग्रेड जुन्याच्या जागी धरायचे, ते २०१७ पासून बंद झालं.

दुसरी गोष्ट, हिशोब कर, रडू नकोस. तुझी केम वन-बी पाच क्वार्टर युनिटची. ॲमकॅस सगळं सेमिस्टरमध्ये बदलतं, क्वार्टरच्या एका युनिटचे साधारण पाऊण पण नाही, ०.६६७ धरतात, म्हणजे तुझे पाच झाले ३.३. आता ॲमकॅस तुझा सायन्सचा जीपीए वेगळा काढतं, बायो, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ मिळून, त्याला बीसीपीएम म्हणतात. अर्ज टाकशील तेव्हा त्यात समज असे ६० सेमिस्टर युनिट असतील. बाकी सगळीकडे ए (४ गुण) आणि हा एकच सी (२ गुण), तर ४.० च्या जागी ३.८९ येतो. बस, एवढंच नुकसान. बाकीचे बी आणि ए-मायनस धरून तू ३.७ च्या वर राहिलीस तर चालेल, दाखल होणाऱ्यांच्या एकूण जीपीएचं सरासरी ३.८ च्या जरासं अलीकडे-पलीकडे असतं आणि सरासरी म्हणजे बरेच लोक त्याच्या खाली असतातच की.

तिसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ॲमकॅसवर ग्रेड वर्षावार दिसतात, पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, प्रत्येकाची वेगळी ओळ. पहिल्या ओळीत सी आणि खाली ऑरगॅनिक, बायोकेम, फिजिऑलॉजी सगळं चढत गेलेलं, हे बघणाऱ्याला एका नजरेत कळतं, तुला काही समजवावं लागत नाही. तरी सेकंडरीमध्ये, म्हणजे प्रत्येक स्कूल नंतर स्वतःचे निबंध मागतं त्यात, बहुतेक ठिकाणी विचारतातच की अभ्यासात कुठे घसरण झाली का. तिथे दोन ओळी लिही आणि गप्प बस : "त्या क्वार्टरला मी आठवड्याला तीस तास दुकानात काम करत होते आणि दर दोन-तीन आठवड्यांनी परीक्षा या वेगाची मला सवय नव्हती. पुढच्या क्वार्टरपासून तास पंधरावर आणले, शनिवारी ट्युटोरिंग सेंटरला बसायला लागले, केम वन-सीला ए-मायनस आला." हे सगळं तुझ्याच पत्रातलं आहे, मी फक्त रडारड काढून टाकली. नवीन देश, कल्चर शॉक, आईबाबांचा त्याग वगैरे तिथे घालू नकोस, त्या दोन ओळींनी काम होतं.

बारावीचे ८८ टक्के कुठेच मोजत नाहीत गं. एचएससी म्हणजे इथे हायस्कूल. चांगले मार्क आहेत, फ्रेममध्ये लाव.

ऑरगॅनिकबद्दल तुला दोन काउन्सेलरांनी दोन उलट गोष्टी सांगितल्यात, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर आहेत. काही मेडिकल स्कूल कम्युनिटी कॉलेजचे सायन्सचे क्रेडिट सरळ घेतात, काही म्हणतात शक्यतो चार वर्षांच्या कॉलेजात करा. एएएमसी, म्हणजे इथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, तिचा एमसार नावाचा डेटाबेस असतो, त्याची थोडी फी आहे, त्यात प्रत्येक स्कूलचा नियम लिहिलेला असतो, बघून घे. पण माझं मत विचारशील तर ऑरगॅनिकच्या बारा-ए, बारा-बी, बारा-सी तिन्ही डी अँझालाच एका दमात संपव. सगळ्यात वाईट काय, तर दोन इथे आणि एक तिकडे. प्रत्येक कॉलेज धडे वेगळ्या क्रमाने घेतं, मग एखादी गोष्ट दोनदा शिकतेस आणि एखादी अजिबातच नाही, आणि यूसी म्हणतं अर्धी सीरीज आमच्या कोर्सशी जुळत नाही, पहिल्यापासून घे. असिस्टच्या साइटवर तुझं कॉलेज आणि पुढची यूसी टाकून कोणता कोर्स कशाला जुळतो ते बघता येतं, प्रिंट काढून ठेव. आणि मग ट्रान्सफरनंतर अप्पर डिव्हिजनचं, म्हणजे वरच्या वर्षांचं सायन्स दणकून कर, बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, सेल बायॉलॉजी, फिजिऑलॉजी. त्यातलं एकही उन्हाळ्यात स्वस्त पडतं म्हणून परत कम्युनिटी कॉलेजात येऊन करू नकोस. ते एकदम नजरेत येतं, अवघड विषयाला पळून आली असं दिसतं.

डेव्हिस की यूसीएलए. टॅग म्हणजे अटी पूर्ण केल्यास तर प्रवेशाची हमी, तो नऊपैकी सहाच यूसी देतात, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. यूसीएलए, बर्कली, सॅन डिएगो देत नाहीत. टॅग एकाच ठिकाणी टाकता येतो पण टॅग टाकला म्हणून यूसीएलएला साधा अर्ज करता येत नाही असं मुळीच नाही, त्यामुळे तू हा किंवा तो असा प्रश्न करून उगाच झोप घालवतेयस. टॅगचा फॉर्म १ ते ३० सप्टेंबर, मुख्य अर्ज त्यानंतर. समर संपेपर्यंत ४५ क्वार्टर युनिट झालेले लागतात, ते मोज, आणि बायोच्या मेजरला (मुख्य विषयाला) कोणते कोर्स आधी व्हायला हवेत ते डेव्हिसच्या यादीत नीट वाच, कारण नुसत्या जीपीएवर सायन्सच्या मेजरचा टॅग मिळत नाही. दोन्हीकडून हो आलं तर? मी असते तर डेव्हिसला गेले असते. घरापासून गाडीने दोन तासांच्या आसपास, एलएच्या मानाने खर्च आटोक्यात, आणि तिथे अंडरग्रॅड मुलांना खऱ्या पेशंटजवळ जायला मिळतं. सॅक्रामेंटोला यूसी डेव्हिसच्या विद्यार्थ्यांनी चालवलेली फुकट क्लिनिकं आहेत, क्लिनिका टेपाती तर १९७० च्या दशकापासून आहे, पॉल होम आहे, शिफा आहे, वीकेंडला चालतात, मेडिकलची मुलं तपासतात, वर डॉक्टर असतो, आणि तुझ्यासारखी मुलं ब्लड प्रेशर घेणं, नोंदणी, दुभाष्याचं काम करतात. शिफात हिंदी-उर्दू बोलणारे पेशंट येतात, तुझं हिंदी तिथे कामाला येईल, डोंबिवली लोकलमध्ये शिकलेलं असलं तरी.

हो, आणि कॅलिफोर्निया मेडिसिन स्कॉलर्स प्रोग्राम म्हणून राज्याच्या पैशातून एक योजना चालते, खास कम्युनिटी कॉलेजमधून मेडिकलला जाऊ बघणाऱ्यांसाठी, डेव्हिसच्या बाजूला तिला ॲव्हेन्यू एम म्हणतात. ठरावीक कॉलेजांतूनच मुलं घेतात, डी अँझा बसतं का ते त्यांना ईमेल करून विचार. तुझ्या काउन्सेलरला माहीत असेलच असं धरून चालू नकोस.

दुकानाबद्दल. तू लिहिलंयस, "क्लिनिकल काहीच नाही, फक्त ग्रोसरीत काम केलंय, ते अर्जात टाकलं तर वाईट दिसेल का." मला हे वाचून खरंच राग आला, तुझ्यावर नाही, हे तुझ्या डोक्यात ज्याने घातलं त्याच्यावर. ॲमकॅसवर अनुभवांच्या १५ जागा असतात, त्यातल्या तीनबद्दल जास्त लिहिता येतं, आणि त्यात पगारी काम, मेडिकल नसलेलं, असा स्वतंत्र प्रकारच आहे. दोन वर्षं काउंटरला उभी राहून तू घराचं भाडं भरायला हातभार लावलास, हे टाक आणि त्या तीनमध्ये टाक. हापूसची पेटी घेऊन आलेले आजोबा तुला विचारतात की शुगर आहे, रोज अर्धा खाल्ला तर चालेल ना, आणि तू म्हणतेस मला माहीत नाही काका, डॉक्टरांना विचारा, आणि ते म्हणतात डॉक्टरला इंग्लिशमध्ये कसं सांगू, हे तू पत्रात सहज एका ओळीत लिहून पुढे गेलीस. अगं तुझा निबंध तिथे आहे. ५,३०० कॅरेक्टर मिळतात, स्पेस धरून, त्यात लहानपणापासून मला डॉक्टर व्हायचं होतं याने सुरुवात करणारे हजारो असतात, ते आजोबा एकटे तुझ्याकडे आहेत.

क्लिनिकल मात्र हवंच, त्यात सूट नाही. आत्ताच सुरू कर, मोठ्या प्रमाणात नको, आठवड्याला तीन-चार तास, पण सलग. हॉस्पिसमध्ये (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेतात तिथे) व्हॉलंटियर हो, तिथे माणसं घेतात आणि नुसतं शेजारी बसायला शिकवतात. किंवा समरला ईएमटीचा, म्हणजे ॲम्ब्युलन्सवरच्या तातडीच्या उपचारांचा कोर्स कर, लॉस आल्टोस हिल्सच्या फूटहिल कॉलेजात आहे, तुमचंच जुळं कॉलेज ते. मग मधल्या वर्षात पगारी नोकरी मिळते, ईएमटी किंवा स्क्राइब (डॉक्टरच्या नोंदी लिहिणारी) म्हणून. आणि दुकानाचे तास अजून कमी करता येतात का ते घरी बोलून बघ, बोलायला अवघड जाईल पण बाबांना आकडे दाखव.

पैशाचं. डी अँझाला युनिटला ३१ डॉलर, म्हणजे पहिल्या दोन वर्षांत तू जे वाचवतेयस ते पुढे फार उपयोगी पडणार आहे, कारण १ जुलै २०२६ पासून मेडिकलसारख्या कोर्सला फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळणार, ग्रॅड प्लस नावाचं जे वरचं कर्ज होतं ते नव्या मुलांसाठी बंद. बऱ्याच प्रायव्हेट स्कूलांचा चार वर्षांचा खर्च याच्या कितीतरी वर जातो. अर्जालाच खर्च येतो, ॲमकॅसचे पहिल्या स्कूलला पावणेदोनशे डॉलर, पुढच्या प्रत्येकाला चाळिशीच्या वर, मग सेकंडरीची फी वेगळी, एमकॅटची साडेतीनशेच्या घरात. पण एएएमसीचा फी असिस्टन्स प्रोग्राम आहे, ग्रीन कार्डवाल्यांना चालतो, तुमच्या घरच्या उत्पन्नात तू बहुधा बसशील, त्यात एमकॅट स्वस्त होते, एमसार फुकट मिळतं आणि वीसपर्यंत स्कूलचे ॲमकॅसचे पैसे माफ होतात. फक्त हे एमकॅटचं रजिस्ट्रेशन करायच्या आधी घ्यायचं, भरलेले पैसे परत मिळत नाहीत. जाता जाता, तुझ्या एच-फोरवरच्या (आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसामुळे आलेल्या) मैत्रिणीला यातलं काही जसंच्या तसं सांगू नकोस, ग्रीन कार्ड नसलेल्यांना घेणारी मेडिकल स्कूलंच थोडी आहेत आणि एकवीस पूर्ण झाले की तिचा व्हिसाच बदलतो, तिचं गणित पूर्ण वेगळं.

स्कूलांची यादी करताना फक्त यूसीएसएफ, यूसीएलए, स्टॅनफर्ड लिहून मोकळी होऊ नकोस. देशभरात ५० हजारांच्या वर अर्जदार आणि एमडीच्या (इथली एमबीबीएससारखी पहिली पदवी) जागा २३ हजारांच्या आसपास, त्यात कॅलिफोर्नियात मुलं भरमसाट आणि जागा कमी, त्यामुळे इथली कितीतरी चांगली मुलं दुसऱ्या राज्यात जातात. डीओ पण धर, व्हॅलेहोचं टूरो, पोमोनाचं वेस्टर्न. बाबा विचारतील डीओ म्हणजे होमिओपॅथी का, सगळे बाबा विचारतात. नाही, पूर्ण डॉक्टर, तीच औषधं, तीच ऑपरेशनं, आणि २०२० पासून रेसिडेन्सीपण (डिग्रीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) एकाच व्यवस्थेखाली आली.

आता मामा. त्याचं मन चांगलं आहे, त्याच्यावर चिडू नकोस, पण त्याला तीन गोष्टी विचार. एनआरआय कोट्यालाही नीट द्यावी लागते, बारावीचा अभ्यास विसरून दोन वर्षं झाली, ती कोण देणार? कोट्याची फी कोण भरणार? आणि एमबीबीएस म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, तेवढा काळ तू पुण्यात राहिलीस तर ग्रीन कार्डचं काय, कारण वर्षाहून जास्त सलग बाहेर राहिलं की ते धोक्यात येतं, सहा महिन्यांच्या वर राहिलं तरी सिटिझनशिपचा काळ तुटल्याचं धरू शकतात. परत यायचं तर यूएसएमएलई, म्हणजे इथली लायसन्सची परीक्षा, आणि मग रेसिडेन्सीची मॅच, म्हणजे जागावाटप. बाहेरून शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी अलीकडे साधारण दोन-तृतीयांश मॅच होतात, जे नागरिक नाहीत त्यांचं प्रमाण त्याहून कमी, आणि इथल्या एमडी-डीओच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचं नव्वदीच्या वर. कॅरिबियनच्या बेटांवरच्या कॉलेजांना पण हेच लागू, तिथून जाहिराती तुला येतच असतील. तुला कायमचं भारतातच डॉक्टर व्हायचं असतं तर मी मामाच्या बाजूने बोलले असते. तसं तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

एमकॅट कधी, तर यूसीत बायोकेम झाल्यावर, आणि फिजिक्स ताजं असताना. २०२७ चा उन्हाळा पूर्ण अभ्यासाला दे, ऑगस्ट-सप्टेंबरात किंवा मग जानेवारीत बस. ४७२ ते ५२८ असा स्कोअर असतो, दाखल होणाऱ्यांचं सरासरी ५१२ च्या जवळ. सरावाच्या पूर्ण लांबीच्या परीक्षांत हवा तेवढा येत नाही तोवर खरी देऊ नकोस, कारण दिलेला प्रत्येक स्कोअर दिसतो. आणि अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊ दे, ग्रेडची पडताळणी गर्दीच्या दिवसांत सहा-सहा आठवडे खाते, आणि अर्ज येतील तसतशा जागा भरत जातात, ऑगस्टला अर्ज टाकणारा मागेच राहतो.

शेवटचं काम मात्र यूसीची वाट न बघता डी अँझालाच उरक. केम वन-सीच्या ज्या सरांबद्दल तू लिहिलंयस, सी आल्यावर ज्यांनी ऑफिस अवर्सला बसवून ग्राफ काढायला लावला, त्यांना ऑरगॅनिक चालू असतानाही भेटत राहा, आणि ट्रान्सफरच्या आधी पत्र मागून ठेव. स्कूलांना साधारण दोन सायन्सची आणि एक बिगर-सायन्सची पत्रं लागतात, त्यातलं एक कम्युनिटी कॉलेजचं असलं तर काही बिघडत नाही, बाकीची यूसीची हवीत. "सर, तुम्ही मला स्ट्राँग लेटर देऊ शकाल का" असं सरळ विचार, लाजू नकोस, इथे ते विचारणं उद्धटपणा धरत नाहीत. कम्युनिटी कॉलेजात बरेच शिक्षक पार्टटाइम असतात, आज इथे उद्या दुसऱ्या कॉलेजात, दोन वर्षांनी शोधायला जाशील तर जुना ईमेल बंद झालेला असतो. इंटरफोलिओवर (शिफारसपत्रं साठवून ठेवणारी साइट) खातं उघड, त्यांना लिंक पाठव, पत्र तिथे पडून राहील, आणि २०२८ ला त्यांना फक्त तारीख बदलून द्या म्हण. सोबत तुझा सीव्ही आणि त्या सी वाल्या मिडटर्मची आणि नंतरच्या फायनलची कॉपी दे, म्हणजे त्यांना लिहायला काहीतरी हातात राहील.